टॅप झाल्यावर खरी गंमत सुरू होते: फोन आणि घड्याळातून पैसे देण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. फोन किंवा घड्याळ मशीनला टेकवून पैसे देणं आता इतकं अंगवळणी पडलंय की त्या दोन सेकंदांबद्दल तक्रार करावी असं फारसं काही उरलेलं नाही. डोकेदुखी होते ती नंतर. स्टेशनातून बाहेर पडताना, वस्तू परत करताना, हॉटेल सोडून चार दिवस झाल्यावर स्टेटमेंट उघडताना. आणि त्यातल्या बहुतेक भानगडींच्या मुळाशी एकच गोष्ट असते, जी फोनमध्ये कार्ड भरताना कोणी धड समजावून सांगत नाही: टॅप केल्यावर मशीनकडे जातो तो नंबर तुमच्या कार्डाचा नसतोच.

वापर असा: एक फोन, एक घड्याळ, दोन्हींवर तेच क्रेडिट कार्ड, फोनवर शिवाय एक डेबिट कार्ड. विमान, मेट्रो, बस, हॉटेल, पार्किंग, भाड्याची गाडी, सगळीकडे हेच.

एक कार्ड, तीन नंबर

फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डं साठवणाऱ्या ॲपमध्ये, कार्ड भरलं की त्या फोनपुरता एक वेगळा नंबर तयार होतो. त्याला टोकन म्हणतात. दिसायला कार्ड नंबरसारखाच, पण शेवटचे चार आकडे निराळे. तेच कार्ड घड्याळात भरलं की आणखी एक टोकन. म्हणजे प्लॅस्टिकचं मूळ कार्ड (पुढे नुसतं 'प्लॅस्टिक'), फोन आणि घड्याळ अशी एकाच खात्याची तीन तोंडं झाली. शिवाय दर व्यवहाराला एकदाच चालणारा एक गुप्त कोड सोबत जातो, त्यामुळे मधल्या मध्ये कोणी नंबर लांबवला तरी त्या नुसत्या नंबरवर पुढचा टॅप होत नाही.

सुरक्षेच्या बाजूने ही रचना फार चांगली आहे. फोन हरवला तर फक्त त्याचं टोकन बंद करायचं, खिशातलं प्लॅस्टिक चालू राहतं. उलट प्लॅस्टिक खराब होऊन नवं आलं, तर बऱ्याच बँका जुनं टोकन नव्या कार्डाला परस्पर जोडून देतात आणि फोनवर काही करावं लागत नाही.

पण व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला जे मशीन, गेट किंवा पार्किंगचा खांब आहे, त्याला हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत हे सहसा कळत नाही. त्याच्या लेखी ते तीन वेगळे गिऱ्हाईक.

म्हणून प्रवासाला निघण्याआधीचं पहिलं काम: वॉलेटमध्ये कार्डाच्या तपशिलात जा. तिथे डिव्हाइस अकाउंट नंबर किंवा व्हर्च्युअल अकाउंट नंबर अशा नावाखाली शेवटचे चार आकडे दिसतात. घड्याळाचे आकडे घड्याळाच्या ॲपमध्ये वेगळे मिळतात. प्लॅस्टिक, फोन, घड्याळ असे तीन चौकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पावतीवर फुल्याफुल्यांनंतर जे चार आकडे छापलेले असतात ते या चिठ्ठीशी ताडून पाहिले की कशाने पैसे दिले होते ते लगेच कळतं. ही चिठ्ठी किरकोळ वाटते, पण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यामुळेच सुटतात.

टेकवायचं कुठे, आणि बीपचा अर्थ

हे सगळं एनएफसीवर, म्हणजे अगदी जवळून बोलणाऱ्या बिनतारी तंत्रावर चालतं, १३.५६ मेगाहर्ट्झवर, आणि व्यवहारात अंतर चार सेंटिमीटरच्या आत लागतं. मशीनच्या अँटेनासमोर फोनची अँटेना आली पाहिजे, फोनचा मधला भाग नव्हे. आयफोनमध्ये ती वरच्या कडेला असते, म्हणून वरचं टोक पुढे करायचं. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा पाठीवर, कॅमेऱ्याच्या जवळ किंवा मधोमध. मशीनची अँटेना कधी स्क्रीनच्या मागे असते, कधी वरच्या डोक्यावर, कधी बाजूला. चार वक्र रेघांचं लहरींचं चिन्ह जिथे छापलंय तिथे टेकवायचं, आणि हलवायचं नाही. लोक फोन मशीनवरून ओवाळल्यासारखा फिरवतात, त्याने उलट वाचन अर्धवट तुटतं. टेकवा, एक सेकंद स्थिर धरा, झालं.

आता बीप. मशीनने बीप दिली, चार हिरवे दिवे लागले, फोनवर बरोबरची खूण आली, याचा अर्थ फक्त इतकाच की फोनकडची माहिती मशीनने वाचून घेतली. पैसे मंजूर होणं ही पुढची पायरी, आणि तिचा निकाल मशीनच्या स्क्रीनवर येतो. फोनवर खूण आली म्हणून निघून जायचं आणि मागून हाक यायची, हा प्रकार याच गैरसमजातून होतो. उलटही खरं आहे: मशीनवर नकार आला असला तरी फोनच्या यादीत ती रक्कम काही वेळ दिसू शकते. फोनची यादी म्हणजे बँकेचं स्टेटमेंट नाही.

फोन टेकवूनही मशीनने पिन मागितला तर गोंधळू नका. तो फोनचा पिन नसतो, प्लॅस्टिक कार्डाचा असतो. नियमाने बोट किंवा चेहरा दाखवून फोन उघडला की ओळख पटली असं धरलं जातं, आणि प्लॅस्टिकच्या टॅपला असलेली रकमेची मर्यादा फोनला लागू होत नाही. पण जुनी मशीनं हे ओळखत नाहीत आणि मोठ्या रकमेला सरळ नाही म्हणतात. आठ महिने फक्त फोनच वापरला की कार्डाचा पिन विसरतो, हा या सोयीचा बिनबोभाट दुष्परिणाम.

वारंवार नापास होत असेल तर फोन बिघडलाय असं समजण्याआधी कव्हर काढून बघा. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी फोनच्या पाठीवर चिकटवलेली लोखंडी चकती हा नंबर एकचा गुन्हेगार. ती बरोबर अँटेनावर बसली असेल तर एनएफसीचा जीव जातो, बिनतारी चार्जिंगही मंदावतं किंवा बंद पडतं. चकती अँटेनापासून जितकी लांब तितकं बरं. दुसरा गुन्हेगार म्हणजे कव्हरच्या खणात ठेवलेलं प्लॅस्टिक कार्ड. मशीनला एकाच वेळी दोन चिपा दिसतात, मग एकतर ते अडतं किंवा नको त्या कार्डातून पैसे उचलतं. चुंबकी कव्हरने बँकेच्या कार्डाची चिप खराब होत नाही, पण हॉटेलच्या खोलीचं चुंबकी पट्टीवालं की-कार्ड मात्र सहज पुसलं जातं, कारण त्याची पट्टी मुद्दाम पुन्हापुन्हा लिहिता यावी अशी कच्ची असते. ते फोनला चिकटवून ठेवू नका.

गेटवर मात्र जपून

बँकेचं कार्ड थेट गेटवर टेकवून प्रवास करणं लंडनने २०१२ साली बसमध्ये आणि २०१४ साली भुयारी रेल्वेत सुरू केलं, नंतर बऱ्याच शहरांनी ती पद्धत उचलली. तिकीट काढायचं नाही, रिचार्ज करायचा नाही, आत जाताना टॅप, बाहेर येताना टॅप. आतली यंत्रणा समजून घेतली की तिच्या खोड्या आपोआप समजतात.

गेटला बँकेशी बोलायला वेळ नसतो. ते फक्त चिपची डिजिटल सही तपासतं, नंबर काळ्या यादीत नाही ना ते बघतं आणि दार उघडतं. दिवसभराच्या टॅपांची जोडी नंतर मागच्या खोलीत लावली जाते आणि रात्री एक रक्कम बँकेकडे पाठवली जाते. त्यामुळे स्टेटमेंटवर प्रत्येक फेरी वेगळी दिसत नाही, दिवसाची एक ओळ दिसते, तीही बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी. ती रक्कम बँकेने नाकारली तर तुमचा नंबर काळ्या यादीत जातो आणि दुसऱ्या दिवशी गेट उघडत नाही. खात्यात नंतर पैसे भरले तरी थकलेली रक्कम वसूल होईपर्यंत ते तसंच राहतं.

जोडी लावताना नंबर हाच आधार. आत फोनने गेलात आणि बाहेर येताना घड्याळ पुढे केलंत, तर यंत्रणेला एक माणूस आत गेलेला पण कधीच बाहेर न आलेला, आणि दुसरा कुठूनतरी आतून उगवलेला दिसतो. दोन अर्धवट प्रवास, आणि दोन्हींना सर्वात जास्तीचं भाडं. दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादाही त्या त्या नंबरवर मोजली जाते, म्हणून सकाळी घड्याळ आणि संध्याकाळी फोन असं केलं तर मर्यादेचा फायदा अर्धा वाया जातो. एक दिवस, एक उपकरण. तिकीट तपासनीसालाही तेच उपकरण दाखवायचं.

यावर एक उपसूचना, जी कोणी सांगत नाही. बहुतेक गेटांचं वाचनयंत्र उजव्या हाताला असतं आणि बहुतेक लोक घड्याळ डाव्या मनगटाला बांधतात. म्हणजे डावा हात छातीवरून आडवा नेऊन, मनगट उलटं करून काचेला लावायचं, आणि तेवढ्यात खांद्यावरची बॅग घसरते. सामान घेऊन हे रोज चार वेळा केलं की घड्याळाचा उत्साह मावळतो. गेटांचा प्रवास जास्त असेल तर त्या दिवसांपुरतं घड्याळ उजव्या हाताला बांधा आणि सेटिंगमध्ये मनगट बदला.

एक्स्प्रेस मोड चालू केला की गेटवर फोन न उघडताच टॅप होतो. सोय उत्तम, पण दोन गोष्टी तपासा. एक, एक्स्प्रेससाठी कुठलं कार्ड निवडलंय. वॉलेटमध्ये वर कुठलंही कार्ड असो, गेट एक्स्प्रेसवालंच उचलतं. दोन, बॅटरी संपली तर काय होतं. काही आयफोन बॅटरी संपून बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत एक्स्प्रेस टॅप घेतात, पण बटण दाबून आपण स्वतः बंद केलेला फोन घेत नाही. अँड्रॉइडमध्ये हे फोनगणिक बदलतं, तेव्हा बंद फोनवर भरवसा ठेवू नये. आत टॅप केलाय आणि वाटेत फोन मेला, तर बाहेर पडताना प्लॅस्टिक पुढे करू नका, ते तिसरं गिऱ्हाईक. कर्मचाऱ्याला सांगून बाहेर पडा आणि नंतर अर्धवट प्रवासाचा दावा करा. पॉवर बँकेचं खरं काम इथे आहे.

पैसे चिपमध्येच साठवणारी प्रवासी कार्डं ही वेगळी जात. हाँगकाँगचं ऑक्टोपस १९९७ चं, जपानचं सुइका २००१ चं, दोन्ही सोनीच्या फेलिका तंत्रावर. गेटवरचा वेग बँकेच्या कार्डांपेक्षा स्पष्टपणे जास्त. आयफोन ८ पासून पुढचे आयफोन, कुठेही घेतलेले असोत, सुइका घेतात. जपानबाहेर घेतलेले अँड्रॉइड फोन सहसा घेत नाहीत, तेव्हा तिथे प्लॅस्टिकच घ्या. प्लॅस्टिकवरचं सुइका फोनमध्ये हलवलं की प्लॅस्टिक निकामी होतं, हेही लक्षात असू द्या.

पार्किंगच्या खांबांवरही हाच कायदा. काही ठिकाणी आत येताना टॅप केलेला नंबर हेच तिकीट असतं. बाहेर पडताना दुसरं उपकरण टेकवलं की तिकीट हरवलं असं धरून पूर्ण दिवसाचं भाडं लागतं.

होल्ड, रिफंड आणि ते गोड चलन-बदलाचं बटण

हॉटेल, भाड्याची गाडी, स्वतः भरायचा पेट्रोल पंप, हे सगळे आधी अंदाजे रक्कम अडवून ठेवतात, यालाच होल्ड म्हणतात, आणि खरी रक्कम नंतर घेतात. क्रेडिट कार्डावर मर्यादा अडते, डेबिट कार्डावर खरे पैसे अडतात. म्हणून होल्डसाठी डेबिट कार्ड कधीच देऊ नये, हे ठाम मत. आता नंबराचा खेळ बघा: हॉटेलात येताना फोन टेकवला, सोडताना घड्याळ टेकवलं. दुसरा टॅप हा नवा व्यवहार झाला, आणि पहिला होल्ड तसाच लटकून राहिला. काउंटरवरच्या माणसाला 'आधीच्या होल्डवरच बिल बंद करा' असं स्पष्ट सांगायचं. ते शक्य नसेल तर होल्ड सोडल्याची पावती मागा. आपोआप सुटायला किती दिवस लागतील ते त्या त्या बँकेवर असतं. गाडी भाड्याने देणारे अनेकदा चालकाच्या नावाचं प्लॅस्टिकच मागतात, फोनवर अडून बसण्यात अर्थ नाही. ऑनलाइन बुकिंग केलेलं तिकीट यंत्रातून काढायचं असेल तिथेही कार्ड आत सरकवायला सांगतात, फोन कुठून सरकवणार?

रिफंडला मशीन मूळ नंबर शोधतं. ज्याने दिले तेच उपकरण टेकवा, चिठ्ठी इथे कामाला येते. दरम्यान फोन बदलला असेल किंवा वॉलेटमधून कार्ड काढून टाकलं असेल तर टॅपने रिफंड होणार नाही, मग दुकानदाराने मूळ पावतीवरच्या व्यवहार क्रमांकावरून तो करायचा असतो. म्हणून परतीची मुदत संपेपर्यंत पावती टाकू नये आणि कार्डही वॉलेटमधून काढू नये. परकीय चलनातला रिफंड, तो होतो त्या दिवसाच्या दराने येतो. दिलेली आणि आलेली रक्कम जुळली नाही तर दुकानदाराशी भांडू नका, दोन दिवसांचे दोन दर असतात, आणि बँकेने लावलेलं परकीय चलनाचं शुल्क परत येईलच असं नाही.

सगळ्यात जास्त पैसे मात्र शांतपणे जातात ते चलन-बदलाच्या पडद्यावर. कार्ड परदेशी आहे हे मशीनला टोकनवरूनही कळतं. मग स्क्रीनवर दोन रकमा येतात: एक तिथल्या चलनात, एक तुमच्या. तुमच्या चलनातली रक्कम ओळखीची, गोड, आणि बऱ्याचदा हिरव्या बटणासमोर. याचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. दर ठरवतं ते मशीन चालवणारी यंत्रणा, आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. कायम तिथल्याच चलनातली रक्कम निवडा, मग दर व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कचा लागतो. एटीएमवर तोच प्रश्न जरा वाकड्या भाषेत येतो, 'रूपांतर मान्य' आणि 'रूपांतर अमान्य' असा. अमान्य दाबलं तरी पैसे मिळतात. घाबरून मान्य दाबणारे पुष्कळ. काही वेळा काउंटरवरचा माणूस न विचारताच बटण दाबून टाकतो, तेव्हा पावतीवर दोन चलनं आणि विनिमय दर छापलेला दिसला की तिथेच थांबा, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. दुकानातून बाहेर पडल्यावर हे सोडवणं फार कटकटीचं.

विमानातल्या खरेदीचे पैसे बहुधा उतरल्यावर पुढे पाठवले जातात, म्हणून ते उशिरा दिसतात. चोरी समजून लगेच कार्ड ब्लॉक करू नका. स्टेटमेंटवर पाटीवरचं नाव नसून कंपनीचं नोंदणीतलं नाव असतं, आणि गावही भलतंच.

निघण्याआधीची कामं

कार्ड भरताना ओटीपी येतो तो घरच्या सिमवर. परदेशात सिम बदलून मग कार्ड भरायला बसलात तर ओटीपी कुठे येणार? सगळी कार्डं घरीच भरा आणि प्रत्येकाने एक छोटा टॅप करून बघा. परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये चालू आहे का तेही, कारण तो बंद असेल तर टोकनही अडतं.

स्क्रीन लॉक काढून टाकला की वॉलेटमधली कार्डं जातात. फोन दुरुस्तीला देताना लोक पिन काढून देतात, आणि परत आल्यावर कार्डं गायब का म्हणून दुकानदारावर चिडतात. दोष त्याचा नसतो.

टॅपसाठी फोनवर इंटरनेट लागत नाही हे खरं, पण अर्धंच. अँड्रॉइडमध्ये मर्यादित वापराच्या किल्ल्या फोनवर आधीच उतरवून ठेवलेल्या असतात, काही टॅप झाले की त्या संपतात आणि नव्यासाठी नेट लागतं. दिवसभर विमान मोडवर फिरणार असाल तर सकाळी हॉटेलच्या वायफायवर फोन जरा वेळ उघडा ठेवा. घड्याळाची अट वेगळी: मनगटावरून काढलं की कुलूप, आणि काही घड्याळं दर २४ तासांनी पिन मागतात. हा पिन रांगेत उभं राहून बारक्या काचेवर टाकण्यापेक्षा खोलीतून निघतानाच टाकून घ्यावा.

आठ महिन्यांनंतरची वाटणी अशी ठरली आहे. घड्याळ छोट्या खरेदीला आणि हात भरलेले असताना, फोन गेट, हॉटेल आणि जे परत करावं लागू शकेल अशा कुठल्याही खरेदीला. प्लॅस्टिक मात्र पाकिटात नको आणि फोनच्या कव्हरमध्ये तर नकोच. ते दुसऱ्या बॅगेत ठेवा, पिन पाठ असू द्या, आणि बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर. फोन चोरीला गेला तर तो नंबर शोधायला फोनच हातात नसतो.